कॉव्हेंट्रीला पाठवलेला माणूस

संप मिटल्यावरच्या पहिल्या सोमवारी आर्नल्ड टेबट बुटांच्या कारखान्यातल्या कटिंग खात्यात शिरला, टोपी खुंटीला अडकवली आणि रोजच्यासारखं म्हणाला, "मॉर्निंग, मंडळी."

कुणी मान वर केली नाही. चाळीसेक माणसं आपापल्या बाकाशी उभी होती आणि चामड्यावरून रापी फिरल्याचा तेवढा आवाज येत होता. ऐकू गेलं नसेल, असं त्याला वाटलं. तो शेजारच्या लेन मॉब्जकडे वळला.

"काय रे लेन, गुडघा कसा आहे?"

लेननं त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे त्याच्या दिशेनं पाहिलं; पण आर्नल्ड काचेचा असावा तसं त्याच्या आरपार, खिडकीकडे. उजेड पुरेसा आहे ना, याची खात्री करून घेतल्यासारखं. मग साचा उचलून चामड्यावर ठेवला आणि कापायला लागला.

तेव्हा आर्नल्ड समजला. त्यानं एप्रन बांधला, रापीला दगडावर धार दिली आणि कामाला लागला. आपल्याला कॉव्हेंट्रीला पाठवलंय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. सांगणार तरी कोण? सांगायचं म्हणजे बोलावं लागतं.

कॉव्हेंट्री म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागातलं एक मोठं कारखान्यांचं शहर. आर्नल्डच्या हॅल्डन गावाहून बसनं दोन तासांवर. पण कुणाला कॉव्हेंट्रीला पाठवलं म्हणजे त्याला कुठं जावं लागत नाही. तो आपल्याच गावात, आपल्याच बाकाशी राहतो. फक्त त्याच्याशी कुणी बोलत नाही. आपण वाळीत टाकणं म्हणतो, त्यातलाच प्रकार. हॅल्डनमध्ये पोरं शाळेत असल्यापासून हे शिकतात आणि बुटांच्या कारखान्यात लागल्यावर त्याचे नियम पक्के होतात. मारायचं नाही. शिवी द्यायची नाही. हत्यारांना हात लावायचा नाही. काम अडवायचं नाही. चामडं पुढे सरकवायचं असेल तर सरकवायचं. बोलायचं मात्र नाही, आणि तो बोलला तर ऐकायचं नाही.

आर्नल्डचा गुन्हा साधा होता. नव्या कापयंत्रांवर कुणाला घ्यायचं यावरून फेब्रुवारीत खात्यानं काम बंद केलं. बंद नऊ दिवस चालला. त्यातले पहिले दोन दिवस आर्नल्ड बाहेर होता. तिसऱ्या दिवशी तो आत गेला.

का गेला, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

त्याची बायको आयव्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेली होती. न्युमोनियाचं निमित्त झालं, पाच दिवसांत आटोपलं. मूलबाळ नव्हतं. संप सुरू झाला तेव्हा तिला जाऊन सहा आठवडे झाले होते, आणि ते सहा आठवडे आर्नल्डनं कामाच्या जोरावर ढकलले होते. सकाळी सातला घर सोडायचं, संध्याकाळी यायचं, काहीतरी खाऊन झोपायचं. दिवसाउजेडी ते घर कसं दिसतं, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. संपाच्या पहिल्या दिवशी पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारामागे तिचा कोट. खिडकीत तिनं लावलेली जिरेनियमची कुंडी, पाण्यावाचून मेलेली. अकरा वाजेपर्यंत त्यानं शेगडी घासली, कोळसा भरला, पायरी धुतली. मग खुर्चीत बसला, तर घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. दुसऱ्या दिवशी तो भाजीपाला लावायच्या आपल्या जमिनीच्या तुकड्यावर गेला. जमीन गोठून दगड झाली होती, फावडं आत जाईना. तिसऱ्या दिवशी त्यानं उठून दाढी केली, डबा भरला आणि सातला बाहेर पडला. पाय त्याला कारखान्याच्या फाटकाशी घेऊन गेले.

फाटकावर लेन होता. आणखी तीसचाळीस जण शेकोटीभोवती उभे.

"आर्नी, घरी जा," लेन म्हणाला.

"घरी नाही जात."

"अरे, शहाणा असशील तर परत फीर. सगळे बघतायत."

सगळे बघत होते म्हणून तर पंचाईत होती. तिथं, त्या माणसांसमोर, घर खायला उठतं हे बावन्न वर्षांच्या बाप्यानं कसं सांगायचं? आर्नल्डनं मान खाली घातली आणि आत गेला. मागून कुणीतरी थुंकल्याचा आवाज आला. मग पुढचे सात दिवस तो त्या लांबच लांब खात्यात एकटा चामडं कापत होता. मुकादम तासातासानं येऊन बघून जायचा. पण हातात रापी होती आणि हात चालू होता, एवढ्यावर त्याचं भागत होतं.

आता खातं पुन्हा माणसांनी भरलं होतं.

पहिले काही आठवडे त्याला वाटलं, निभेल. मूळचा तो काही फार बोलका नव्हता. पण न बोलणं वेगळं आणि बोलायला कुणी नसणं वेगळं, हे त्याला हळूहळू उमगत गेलं. चहाच्या सुट्टीत किटली बाकाबाकांवरून फिरायची. त्याच्या बाकाशी आली की ती खाली ठेवली जायची आणि तो ओतून घेईपर्यंत माणसं दुसरीकडे बघत राहायची. कुणाच्या मुलीच्या लग्नाचा केक वाटला, तो त्याच्यावरून पुढे गेला. हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवायचा बोल्सचा खेळ तो खेळायचा, त्या क्लबच्या फळ्यावरून त्याचं नाव पुसलं गेलं. दारूच्या गुत्त्यात मालक बिअर भरून द्यायचा, पण आर्नल्ड बसला की आजूबाजूची स्टुलं एकेक करून रिकामी व्हायची. एप्रिलपासून त्यानं तिथं जाणं सोडलं. आयव्हीच्या मागे लेनची बायको डोरा दर गुरुवारी झाकलेल्या ताटातून मांस भरून भाजलेली पाई आणून द्यायची, तेही बंद झालं. रस्त्यात ती समोरून आली तर दुकानाच्या काचेत काहीतरी बघायला वळायची. तिचे कान तेवढे लाल झालेले दिसायचे.

सकाळी पहिला शब्द तोंडातून काढताना घसा खरखरतो, हे त्याच्या ध्यानात आलं. तेव्हापासून तो चहा करताना मोठ्यानं बोलू लागला. "पाणी उकळलं." "दूध संपलं." रेडिओवर बातम्या देणारा शेवटी शुभरात्री म्हणायचा, त्याला तो उत्तर द्यायचा.

दर शनिवारी तो बसनं शेजारच्या गावी केस कापायला जाऊ लागला. तिथला न्हावी भारी बडबड्या होता. घोडे, हवामान, राणीची बहीण, कोबीवरची कीड, त्याला कोणताही विषय चालायचा. आर्नल्ड डोळे मिटून ऐकत राहायचा आणि मधूनच "खरं की काय?" म्हणायचा. पाचव्या शनिवारी न्हाव्यानं कंगवा खाली ठेवला.

"साहेब, आता काय कापू? कान?"

"मानेवरचे जरा बघा."

"मानेवर काही उरलं असेल तर शपथ." मग आरशात आर्नल्डचा चेहरा बघून त्यानं पुन्हा कात्री उचलली आणि ती नुसतीच हवेत चालवत म्हणाला, "बरं, तर कालच्या त्या घोड्याचं सांगत होतो..."

सप्टेंबरात एक दिवस आर्नल्डच्या बाकावरून शिसपेन्सिल घरंगळली आणि लेनच्या पायाशी जाऊन पडली. लेननं वाकून ती उचलली, बघितल्या न बघितल्यासारखं करून बाकाच्या कडेला ठेवली आणि आपल्या कामाला लागला. एवढंच झालं. पण आर्नल्डची रापी चामड्यातच अडकून राहिली.

बावीस वर्षांपूर्वी लेनच्या त्याच बाकाशी एझ्रा पँटर उभा राहायचा. छत्तीस साली असाच एक संप झाला होता आणि एझ्रा आत गेला होता. त्याला चौदा महिने कॉव्हेंट्रीला पाठवलं होतं. आर्नल्ड तेव्हा तिशीचा, अंगात रग, आणि आपण नियम पाळतो याचा अभिमान. एझ्राची पेन्सिल एकदा अशीच आर्नल्डच्या पायाशी आली होती. एझ्रा थांबला होता, पाय हलेल म्हणून. आर्नल्डनं पाय हलवला, तो पेन्सिल बाकाखाली आत दूरवर ढकलायला. मग एझ्रा पँटर, त्याच्याहून पंधरासोळा वर्षांनी मोठा माणूस, गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत बाकाखाली शिरला. माणसं नाकातल्या नाकात हसली होती. आर्नल्डही हसला होता. तो दुष्टपणा त्याला पुढे कधी आठवला नव्हता. आता आठवला तो जाईना.

एझ्रा गाव सोडून गेला, एवढंच हॅल्डनला ठाऊक होतं. कुठं गेला हे विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. पण त्याची बहीण हेस्टर अजून पेठेत लोकरीचं दुकान चालवत होती. शनिवारी आर्नल्ड न्हाव्याकडे न जाता तिच्या दुकानात शिरला. दारावरची घंटा वाजली. हेस्टरनं चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्हाला कधीपासून विणकाम यायला लागलं, मिस्टर टेबट?"

"बाई, एझ्राचा पत्ता हवा होता."

तिनं हातातला लोकरीचा गुंडा काउंटरवर ठेवला. "बावीस वर्षांनी?"

"हो."

"आता का? आता तुमच्याशी कुणी बोलत नाही म्हणून?"

"हो," तो म्हणाला. "म्हणूनच."

हेस्टरनं गुंड्यावरची कागदी पट्टी काढली, पाठीमागे पेन्सिलनं दोन ओळी खरडल्या आणि पट्टी पुढे सरकवली. आर्नल्डनं वाचली आणि पुन्हा वाचली.

"कॉव्हेंट्री?"

"तुम्ही लोकांनी पाठवलं, तो गेला," हेस्टर म्हणाली. "माझा भाऊ सांगितलेलं ऐकतो."

पुढच्या शनिवारी तो बसमध्ये बसला. कंडक्टर तरणाबांड होता, कानामागे तिकिटाची पेन्सिल.

"कुठं, काका?"

"कॉव्हेंट्री. जाऊन येऊन."

"कुणी पाठवलं?" त्यानं हसत विचारलं. रोज दहा वेळा करत असणार हा विनोद.

"सगळ्यांनी," आर्नल्ड म्हणाला. कंडक्टर खो खो हसत पुढे गेला. आपण कुणाला तरी हसवलं, या गोष्टीचं आर्नल्डला वाटेतलं रग्बी गाव येईपर्यंत नवल वाटत राहिलं.

कॉव्हेंट्रीत जिकडं तिकडं क्रेन उभ्या होत्या. चाळीस साली बाँबनी झोपवलेलं शहर अठरा वर्षांनीही अजून उभं राहतच होतं. शनिवारची अर्धी पाळी सुटली होती आणि मोटारींच्या कारखान्यांतून सायकलींचे लोंढे वाहत होते, घंट्या वाजवत, एकमेकांना हाका मारत. आर्नल्डनं पत्ता तीन जणांना विचारला. तिघांनीही सांगितला, एक बाई तर भाजीची पिशवी सांभाळत कोपऱ्यापर्यंत सोबत आली आणि वाटेत तिच्या जावयाच्या पोटदुखीची हकिकत सांगितली.

एझ्रा मागच्या अंगणात शेवंतीच्या झाडांना काठ्या बांधत होता. अडुसष्ट वर्षांचा, वाळका, ताठ. आर्नल्डनं नाव सांगितलं. एझ्रानं सुतळी दातांत धरून गाठ मारली.

"टेबट," तो म्हणाला. "हॅल्डनचा. हेस्टरनं पत्र टाकलं होतं. बस."

"मी तुमच्या शेजारच्या बाकाशी होतो. खिडकीच्या बाजूला."

"असशील."

"तुमची पेन्सिल पडली होती एकदा. मी ती पायानं..." आर्नल्डला पुढचं सांगायला फार वेळ लागला, पण त्यानं सगळं सांगितलं. एझ्रा ऐकत होता. संपल्यावर त्यानं मान हलवली.

"नाही बुवा. आठवत नाही."

"तुम्ही बाकाखाली शिरला होतात."

"अरे, चौदा महिने होते ते. पेन्सिली कितीतरी पडल्या असतील. आणि चेहरे म्हणशील तर मला एकही आठवत नाही. तुम्ही चाळीस जण होतात, पण माझ्या लेखी तो एकच माणूस होता. पाठ फिरवलेला."

आर्नल्डनं टोपी गुडघ्यावर ठेवली. माफी मागायला म्हणून तो दोन तास बसमध्ये बसून आला होता आणि इथं ती घ्यायला कुणी नव्हतं.

कुंपणापलीकडून एका बाईचं डोकं वर आलं. केसांना रंगीत फडकं, तोंडात कपडे वाळत घालायचे दोन चिमटे.

"एझ्रा, हे कोण रे? भाऊ का?"

"नाही, बेरिल. याला पण पाठवलंय."

"अगं बाई!" बेरिलनं चिमटे काढले. "अजून चालतं का तिकडं ते? आमच्या गावाचं नाव काय म्हणून असं बदनाम करतात कुणास ठाऊक. माझा आजा म्हणायचा, जुन्या लढाईत इथं कैदी आणून ठेवायचे आणि गावातलं कुत्रंसुद्धा त्यांच्याशी बोलायचं नाही, त्यावरून पडलं. चर्चमधले मास्तर म्हणतात, कैदी नाही, शिपाई होते. खरं काय ते देवाला माहीत. तुम्ही चहा घेतलात का? एझ्राचा चहा पिऊ नका, गटाराचं पाणी असतं. मी आणते."

ती गेली. एझ्रा पहिल्यांदाच हसला. "इथं गप्प बसायची मारामार आहे."

"तुम्ही खरंच इथं यायचं ठरवून आलात?"

"खुन्नस म्हणून," एझ्रा म्हणाला. "चौदा महिने झाल्यावर एक दिवस बायकोला, मार्थाला म्हटलं, चल, हे एवढे पाठवतायत तर बघून येऊ काय आहे तिथं. रविवारी आलो. बागेत बाकावर बसलो, तर शेजारची बाई मार्थाशी बोलायला लागली. काय बोलली, तर हातमोज्यांबद्दल. अन् मार्था रडायला लागली. तिच्याशीही वर्षभर कुणी बोललं नव्हतं ना तिकडं. ती तर कारखान्यातही नव्हती. मग महिन्याभरात आलोच आम्ही."

"आत का गेला होतात तुम्ही, संपात?"

"मला संप मूर्खपणाचा वाटला. मी तसं बोललो आणि आत गेलो. अजूनही मूर्खपणाचाच वाटतो." त्यानं सुतळीचा गुंडा खिशात कोंबला. "तू?"

आणि आर्नल्डनं सांगितलं. आयव्ही, तिचा कोट, मेलेली कुंडी, अकरा वाजून दहा मिनिटं. आठ महिन्यांत तो एवढं बोलला नव्हता. मधेच शब्द अडायचे, तो थांबायचा, पुन्हा सुरू करायचा. एझ्रानं त्याला घाई केली नाही.

"त्यांना सांगितलंस हे?"

"कुणी विचारलं नाही."

"विचारतील कसे? तुझ्याशी बोलायचं नाहीये त्यांना."

बेरिल चहा आणि पोर्क पाई घेऊन आली, आपल्या नवऱ्याची दोन गाऱ्हाणी सांगून गेली. चहा पिता पिता आर्नल्डनं विचारलं, "मिसेस पँटर घरात नाहीत का?"

"मार्था चाळीसच्या नोव्हेंबरात गेली," एझ्रा म्हणाला. "त्या हल्ल्यात."

आर्नल्डनं कप खाली ठेवला. हल्ला कोणता, हे विचारावं लागलं नाही. इंग्लंडात कुणालाच लागलं नसतं. त्याच्या डोक्यात एकच हिशेब सरळ रेषेत जाऊन पोचला होता, आणि तो एझ्राला दिसला असावा.

"ते मनात आणू नकोस," एझ्रा जरा तिखटपणे म्हणाला. "मी आणलं होतं. वर्षानुवर्षं. तुमच्या त्या सगळ्या पाठींना मी खुनी म्हणायचो. पण विमानं तुम्ही पाठवली नव्हतीत. आणि इथं तिला साडेतीन वर्षं शेजारीण होती. बेरिलची आई. दोघी दारात उभ्या राहिल्या की दूध उतू जायचं." तो उठला. "तुझी बस साडेपाचची. चल, स्टँडपर्यंत येतो."

स्टँडवर आर्नल्डनं विचारलं, "मग मी काय करू?"

"मला काय विचारतोस? मी पळून आलो. ते आपणहून संपतं, नाहीतर तू निघतोस. तिसरं मला तरी माहीत नाही." बस हलली तेव्हा त्यानं हात वर केला नाही, पण ती वळेपर्यंत तो तिथंच उभा होता.

हिवाळा आला. खात्यात दुपारी साडेतीनलाच दिवे लागू लागले. डिसेंबरात एका संध्याकाळी आर्नल्डची रापी घसरली आणि डाव्या तळहातात खोल शिरली. रक्त चामड्यावर सांडलं, पिवळं कातडं बघता बघता काळं पडलं. तो ओरडला नाही. मनगट दाबून नुसता उभा राहिला, कारण कुणाला हाक मारायची तेच त्याला सुचलं नाही.

लेन तीन ढांगांत त्याच्याजवळ होता. त्यानं आर्नल्डचा हात वर धरला, स्वतःच्या गळ्यातला रुमाल सोडून घट्ट आवळून बांधला, त्यावर एप्रनची पट्टी फाडून बांधली. त्याचा श्वास आर्नल्डच्या कानाशी लागत होता. त्याच्या अंगाला तंबाखूचा आणि पेपरमिंटचा तोच जुना वास होता. मग खांद्याला धरून त्यानं आर्नल्डला जिना उतरवलं, फाटकाजवळच्या नर्सच्या खोलीपर्यंत नेलं आणि स्टुलावर बसवलं.

"लेन," आर्नल्ड म्हणाला.

लेनचा जबडा हलला. डोळे पाण्यानं भरले होते, हे आर्नल्डनं स्पष्ट पाहिलं. पण तो बोलला नाही. वळला आणि जिना चढून गेला.

सात टाके पडले. त्या हाताची करंगळी पुढे कधी पुरती वळली नाही.

मार्चमध्ये, तेरा महिन्यांनी, युनियनच्या बैठकीत तो विषय निघाला आणि पाच मिनिटांत संपला. आर्नल्ड बैठकीला जात नव्हता; त्याला ते सोमवारी सकाळी कळलं.

"मॉर्निंग, आर्नी," लेन म्हणाला.

मग सगळं खातं बोलायला लागलं. बोल्सवाल्यानं विचारलं, रविवारी येतोस ना? कुणी हाताची चौकशी केली. कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली. जणू तो तेरा महिने परगावी गेला होता आणि आज परत आला होता. आर्नल्ड सगळ्यांना उत्तरं देत होता, एकेका शब्दाची. दुपारपर्यंत त्याचं डोकं दुखायला लागलं.

रविवारी दुपारी लेन डोराच्या हातची पाई घेऊन दारात आला. आर्नल्डनं त्याला आत घेतलं, चहा ठेवला. लेन खुर्चीच्या कडेवर बसला, टोपी हातात फिरवत. हवेवर बोलून झालं, घेवड्याच्या बियांवर बोलून झालं.

"मी आत का गेलो, ते तुला सांगायचं होतं," आर्नल्ड म्हणाला. "आयव्ही गेल्यावर मला घरात..."

"माहीत आहे."

आर्नल्डचा हात किटलीवर थांबला. "काय माहीत आहे?"

"तेच. घरात बसवत नव्हतं तुला." लेन टोपीकडे बघत बोलत होता. "डोरा म्हणाली होती मला. त्याच दिवशी, फाटकावरून घरी गेलो तेव्हा. म्हणाली, गाढवांनो, त्याला तिथं एकट्याला राहवत नाहीये, बाकी काही नाही."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. तुला पाठवायचं ठरलं त्या बैठकीत मी उठून सांगणार होतो, आर्नी, देवाशपथ. विचारलं त्यांनी, कुणाला काही म्हणायचंय का. मी वर बघितलं तर सगळ्यांचे हात वर गेले होते. सगळ्यांचे. मग मीही केला."

किटलीतलं पाणी उकळायला लागलं. आर्नल्डनं गॅस बंद केला. त्याला राग येईल असं वाटलं होतं, त्यासाठी तो जरा थांबलाही. पण समोर आला तो पेन्सिल ढकलणारा एक बूट, त्याचा स्वतःचा, तीस वर्षांच्या माणसाचा.

"तुझ्या जागी मी असतो तर मीही केला असता," तो म्हणाला.

लेननं मान वर केली. चेहऱ्यावर एवढी सुटका दिसली की आर्नल्डला दुसरीकडे बघावं लागलं. ते बोलणं माफीचं नव्हतं. ते फक्त खरं होतं. पण लेनला तो फरक सांगत बसायची ताकद आर्नल्डमध्ये नव्हती. त्यानं चहा ओतला.

पाई खाऊन झाली. लेननं बरंच काही सांगितलं, तेरा महिन्यांत साचलेलं: कुणाचं लग्न, कुणाचं भांडण, मुकादमाच्या टोपीत कुणी सरस भरला. आर्नल्ड ऐकत होता.

"तू काहीच बोलत नाहीस," लेन शेवटी म्हणाला.

"सवय गेली, लेन."

"येईल परत."

"येईल."

ती पुरती कधी आली नाही. आर्नल्ड त्या बाकाशी आणखी नऊ वर्षं होता, यंत्रांनी ते खातं गिळेपर्यंत. बोल्स खेळायला जायचा, गुत्त्यात एक पेला घ्यायचा, कुणी विचारलं तर उत्तर द्यायचा. बैठकांना तो पुन्हा गेला नाही. वर्षातून दोनदा शनिवारची बस धरून कुठंतरी जाऊन यायचा. कुठं, ते कुणाला सांगायचा नाही. लेन मात्र दर रविवारी यायचा, न चुकता. लेन बोलायचा, आर्नल्ड चहा ओतायचा. जायची वेळ झाली की लेन टोपी घालून दारात उभा राहायचा, अजून काहीतरी म्हणायचं राहिल्यासारखा, दार उघडं तसंच ठेवून. आर्नल्ड थोडा वेळ वाट बघायचा.

"गार वारा आत येतोय, लेन," तो म्हणायचा, आणि लेन निघायचा.